रॉबिन्सन क्रूसो आणि आपले इंग्रजी

आठवीत आपल्याला इंग्रजीची दोन पुस्तके होती. एक परीक्षेचे. त्याच्या समासात आणि ओळींमधल्या जागेत पेन्सिलने मराठी अर्थ लिहिलेले असत, कारण बहुतेकांची प्रत वरच्या वर्गातल्या कुणाकडून तरी अर्ध्या किमतीत घेतलेली असे. दुसरे पुस्तक पातळ होते आणि परीक्षेत त्यावर एकही गुण नव्हता. ग्रंथालयाच्या कपाटात त्याच्या वीसेक प्रती होत्या. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला त्या वर्गात यायच्या, दोघांत एक अशा वाटल्या जायच्या आणि घंटा झाली की मोजून परत जायच्या. सर त्याला 'रॅपिड रीडर' म्हणत. आपण नुसते 'क्रूसो' म्हणत असू.

मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा मी आपल्या ग्रुपवर विचारले होते, शाळेतल्या इंग्रजीचे काय आठवते? परीक्षेच्या पुस्तकातल्या धड्यांची नावे दोघा-तिघांना सांगता आली. क्रूसो मात्र जवळपास सगळ्यांना आठवला. वाळूतले पाऊल, पोपट, बकरीच्या कातड्याची छत्री, फ्रायडे. आणि गोष्टीबरोबर शब्दही आठवले: राफ्ट, शोअर, अँकर, केव्ह, गोट. ज्यावर गुण होते ते गेले आणि ज्यावर नव्हते ते राहिले, असे का झाले असावे, या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा त्या पातळ पुस्तकाचा इतिहास हाती लागला. तो सुरू होतो लंडनमध्ये, पण त्यातला आपल्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा घडला आपल्याच उपखंडात, ढाक्याला. तो इतिहास गुरुजनांपुढे आणि तुम्हा मित्रमैत्रिणींपुढे थोडक्यात मांडतो.

जाड क्रूसो, पातळ क्रूसो

डॅनियल डिफोची ही कादंबरी एप्रिल १७१९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. पुस्तकावर डिफोचे नाव नव्हते. ही हकीकत क्रूसोने स्वतःच लिहिली आहे, असे छापले होते. पुस्तक इतके खपले की त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकाशकाने ते काटछाट करून स्वस्तात बाजारात आणले, आणि मूळ प्रकाशकाने त्यावर आरडाओरड केली. म्हणजे पातळ क्रूसोचे वय जाड क्रूसोपेक्षा काही महिन्यांनीच कमी आहे.

डिफोने ती मुलांसाठी लिहिली नव्हती. मुलांच्या हाती ती दिली शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी. रूसोने १७६२ च्या 'एमिल' या ग्रंथात म्हटले, की माझ्या विद्यार्थ्याचे पहिले पुस्तक हेच असेल. कारण यात एक माणूस एकटा पडतो आणि घर, कपडे, भाकरी, भांडी सगळे स्वतःच्या हाताने करून शिकतो. काम्पे नावाच्या जर्मन शिक्षकाने १७७९ मध्ये हीच गोष्ट मुलांशी गप्पा मारत सांगितल्यासारखी नव्याने लिहिली. वडील रोज संध्याकाळी थोडी गोष्ट सांगतात आणि मुले मध्येमध्ये प्रश्न विचारतात, अशी तिची रचना. शनिवारच्या शेवटच्या तासाचा हा पणजोबाच म्हणायचा.

पुढे १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये एक मजेदार प्रयोग झाला. 'मेरी गोडोल्फिन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लूसी एकिन या लेखिकेने सगळा क्रूसो एकाच अवयवाच्या, म्हणजे 'कॅट', 'शिप', 'सँड' अशा एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांत लिहून काढला. लहान शब्द म्हणजे सोपा शब्द, असा त्यामागचा हिशेब. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा आहे, त्या मुलांना अक्षरे लावायला शिकवण्यापुरता हा हिशेब बरोबर होता. पण परक्या माणसाचे दुखणे वेगळे असते. 'अंब्रेला' हा लांब शब्द आपण एका दिवसात शिकतो, कारण छत्री डोळ्यांपुढे असते. 'पुट', 'सेट', 'गेट', 'टेक' हे चिमुकले शब्द मात्र दहावी होईपर्यंत छळतात. इंग्रजीतले वाक्प्रचार बहुतेक या चिमुकल्यांच्या पोटात दडलेले आहेत. 'पुट ऑन' म्हणजे घालणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. यातले काय कशावरून काढणार?

वाघिणीचे दूध आणि घोकंपट्टी

आपल्याकडे इंग्रजी आले ते या सोप्या पुस्तकांच्या वाटेने आले नाही. १८३५ मध्ये मेकॉलेचा प्रसिद्ध खलिता लिहिला गेला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला होता, कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. कोश, व्याकरण आणि भाषांतर ही शिकण्याची तीन आयुधे होती. तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' हाती धरून इंग्रजी शिकलेले आजोबा आपल्यापैकी अनेकांच्या घरी होते. एक वाक्य मराठीत, एक इंग्रजीत, चुकले की पुन्हा.

त्या वाटेने मोठी माणसे तयार झाली, हे विसरता येणार नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे म्हणून ज्यांचे नाव आपण ऐकत आलो, त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आणि त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी मिळून सॅम्युएल जॉन्सनची 'रासेलस' ही कथा मराठीत आणली. जॉन्सनचे इंग्रजी म्हणजे लांबलचक, तोलून-मापून बांधलेली वाक्ये. ती पेलून मराठीत उतरवणे येरागबाळ्याचे काम नव्हते. त्याच्या आधी, १८४१ मध्ये, हरी केशवजी यांनी बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चे 'यात्रिकक्रमण' केले होते. एकेक इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचून, कुटून, पचवून या माणसांनी भाषा कमावली.

पण वाघिणीचे दूध सगळ्यांना पचते असे नाही. एका चिपळूणकरामागे शेकडो मुले अशी होती, की ज्यांना मोठ्या लेखकांचे उतारे समजण्यापूर्वीच पाठ करावे लागले आणि मॅट्रिकचा उंबरठा ओलांडता न आल्याने शाळा सोडावी लागली. घोकंपट्टीविषयी तेव्हाचे शिक्षक आणि परीक्षक दोघेही सतत तक्रार करीत. नापास झालेल्याच्या गाठीला काय राहिले, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारला. उताऱ्यातले अवघड, जुनाट, काव्यातले शब्द त्याला पाठ होते. साधे पत्र वा साधी बातमी वाचायला लागणारे शब्द नव्हते.

ढाक्याचे वेस्टसाहेब

तो प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे मायकेल वेस्ट. हा भारतीय शिक्षणसेवेतला इंग्रज अधिकारी बंगालमध्ये होता आणि ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. १९२६ मध्ये बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्याचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातले म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे: बंगाली मुलगा घरी, बाजारात, शेतात बंगालीच बोलणार आहे आणि ते योग्यच आहे. इंग्रजी त्याला हवे आहे ते मुख्यतः वाचण्यासाठी, जगातले ज्ञान आपल्या हाताने काढून घेण्यासाठी. मग त्याला आधी वाचायला शिकवा. वाचण्याची गोडी लागेल अशी पुस्तके द्या.

तशी पुस्तके बाजारात नव्हती. शाळेतली वाचनमाला तपासताना त्याला दोन दोष दिसले. एक, तिच्यात रोजच्या वापरातले शब्द कमी आणि पुस्तकी, मागे पडलेले शब्द जास्त. दोन, नवे शब्द इतक्या दाटीने येत, की एक पचायच्या आत दुसरा येऊन आदळे. त्याने उपाय केला तो साधाच होता. अवघड शब्दाच्या जागी रोजचा शब्द घालायचा. नवे शब्द विरळ पेरायचे आणि पेरलेला प्रत्येक शब्द पुढच्या पानांत पुन्हा पुन्हा येऊ द्यायचा. भाताचे तरवे उपटून अंतराअंतराने लावतात, तसेच हे काम. दाट राहिली तर रोपे पिवळी पडतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या तत्त्वावर त्याची 'न्यू मेथड' वाचनमाला निघाली. तिच्या आणि तिच्यासारख्या इतर मालांच्या जोडीला ठराविक शब्दांत बसवलेल्या गोष्टींची पूरक पुस्तके आली. अशा मालांमध्ये क्रूसो हटकून असे. कारण त्याच्या गोष्टीत पेरणी आपोआप होते. माणूस एकटा, बेट एकच, हत्यारे मोजकी. कुऱ्हाड, दोर, बंदूक, कुंपण, गुहा, बकरी हेच शब्द त्याच्या दिवसात फिरून फिरून येणार. लेखकाला मुद्दाम उजळणी घालावी लागत नाही.

वेस्ट तिथे थांबला नाही. १९३५ मध्ये त्याने एका सहकाऱ्यासह परभाषकांसाठी कोश काढला. त्यात सुमारे २४,००० शब्दांचे आणि वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत समजावून दिले होते. अर्थ पाहायला कोश उघडावा आणि अर्थातच दोन नवे अवघड शब्द निघावेत, हा आपला जुना अनुभव. त्यावर हा तोडगा होता. १९५३ मध्ये सुमारे २,००० सर्वाधिक उपयोगी शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली. १९७८ मध्ये, म्हणजे आपण आठवीत बसलो त्याच वर्षी, लंडनमध्ये लाँगमनचा मोठा विद्यार्थीकोश निघाला. त्यातल्या सगळ्या व्याख्या सुमारे २,००० शब्दांत लिहिलेल्या होत्या आणि त्याची मुळे वेस्टच्या यादीत होती. आज नातवंडे मोबाइलवर शब्दाचा सोपा अर्थ पाहतात, त्या सोपेपणाचा एक धागा ढाक्याच्या त्या महाविद्यालयापर्यंत जातो.

वेस्टने एक शब्द विम्याच्या व्यवहारातून उचलला होता, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या कामाचे मर्म त्यात आहे. तो शब्द म्हणजे 'सरेंडर व्हॅल्यू'. एलआयसीची पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय येते, हे आपण सगळेच बघून ठेवतो. वेस्ट म्हणाला, अभ्यासक्रमाचेही तसेच बघा. बहुतेक मुले शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. कुणी सहावीत शाळा सोडतो, कुणी आठवीत. ज्या दिवशी तो सोडतो, त्या दिवशी त्याच्या हातात काय असते? जो अभ्यासक्रम शेवटच्या वर्षीच फळ देतो, तो मध्येच सोडणाऱ्याला रिकाम्या हाताने घरी पाठवतो. म्हणून प्रत्येक वर्षाचे फळ त्या वर्षीच हातात पडले पाहिजे.

खाडीकाठचा वर्ग

आता आपल्या वर्गाकडे येऊ. पाचवीत एबीसीडी, आठवीत क्रूसो. मधल्या तीन वर्षांत जमलेले शब्द किती होते ते आपणच जाणतो. तरीही पुस्तक समजत होते, याचे अर्धे श्रेय लेखकाचे आणि अर्धे आपल्या खाडीचे.

आपल्या वर्गात शीड, डोलकाठी, वल्हे, सुकाणू, नांगर हे शब्द कुणाला शिकवावे लागत नव्हते. अर्ध्या वर्गाचे वडील किंवा काका मच्छीमारीत तरी होते किंवा 'बोटीवर' तरी. त्यामुळे 'सेल', 'मास्ट', 'ओअर', 'रडर', 'अँकर' हे शब्द येत ते ओळखीच्या वस्तूंवर येऊन बसत. वस्तू माहीत, फक्त तिचे दुसरे नाव कळले. शहरातल्या मुलाला आधी वस्तू समजून घ्यावी लागली असती. इंग्रजीच्या तासाला आपण शहरातल्या मुलांच्या पुढे होतो असा हा बहुधा एकमेव प्रसंग.

वाक्प्रचारांचीही तीच गोष्ट. परीक्षेच्या तयारीसाठी वाक्प्रचारांची एक यादी असे आणि ती पाठ करावी लागे. कुत्री-मांजरे पडावीत तसा पाऊस पडतो, असे त्यात होते. आपल्याकडच्या आषाढात पुष्कळ काही पडते, पण कुत्रे पडलेले कुणी पाहिले नव्हते. पातळ क्रूसोत वाक्प्रचार फारसे नव्हतेच, कारण सोपे करताना ते आधी गळतात. ते घालण्याचे काम सरांनी केले. गोष्टीत जागा आली की ते पुस्तक उपडे ठेवत आणि खिडकीकडे बोट करत. ओहोटीला गाळात बसलेला मचवा दिसे. पाणी निघून गेले, मचवा कोरडा पडला, आता भरतीपर्यंत काही करता येत नाही: 'हाय अँड ड्राय'. कुणी अडचणीत एकटा सोडला गेला तर इंग्रज हेच म्हणतो. नवीन खलाशाला कोणता दोर ओढला की कोणते शीड उतरते हे आधी शिकावे लागते: 'टू नो द रोप्स', म्हणजे कामातली खाचखोच ठाऊक असणे. किनारा दिसेनासा झाला की माणूस 'ऑल ॲट सी', म्हणजे पार गोंधळलेला. 'इन द सेम बोट' तर समजावावेच लागले नाही.

आणि ते चिमुकले शब्द? 'सेट'साठी सरांनी फळ्यावर क्रूसोचा प्रवासच लिहून काढला होता. घरातून निघाला, 'सेट आउट'. जहाजाने शिडे उभारली, 'सेट सेल'. बेटावर तंबू ठोकला, 'सेट अप'. थोडी दारू, म्हणजे बंदुकीची दारू, बाजूला काढून ठेवली, 'सेट असाइड'. एका शब्दाचे एवढे अर्थ कसे, असे कुणीतरी कुरकुरले, तेव्हा सरांनी फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर मराठीत 'लागणे' लिहिले आणि आपल्याकडून उदाहरणे मागितली. भूक लागते, डोळा लागतो, ठेच लागते, आग लागते, नाद लागतो, निकाल लागतो, माडाला नारळ लागतात, होडी धक्क्याला लागते. फळा भरला. "आता हे एखाद्या इंग्रजाला शिकवा बघू," सर म्हणाले. त्या दिवसापासून इंग्रजीची भीती निदान माझ्यापुरती कमी झाली. आपली भाषाही तितकीच अवघड आहे आणि ती आपल्याला येते, हे कळले.

दोन रकान्यांची गोष्टही पुष्कळांना आठवली. बेटावर आल्यावर क्रूसो धनको-ऋणकोच्या हिशेबासारखे दोन रकाने मांडतो: एका बाजूला आपल्या वाट्याचे वाईट, दुसऱ्या बाजूला चांगले. निर्मनुष्य बेटावर अडकलो, पण जिवंत आहे. अंगावर कपडे नाहीत, पण हवा उष्ण आहे. सरांनी आपल्याला तसेच दोन रकाने आपापल्या आयुष्याचे लिहून आणायला सांगितले होते, इंग्रजीत, मिळतील त्या शब्दांत. पुस्तकातून उतरवता येणार नाही असे इंग्रजी आपण पहिल्यांदा लिहिले ते तेव्हा.

फ्रायडेचा तास

या कादंबरीत एक इंग्रजीचा तास आहे, आणि तो आपल्यासारख्यांना थांबून बघावा लागतो. बेटावर वीसहून अधिक वर्षे काढल्यावर क्रूसो एका तरुणाला त्याच्या शत्रूंच्या तावडीतून वाचवतो. तो दिवस शुक्रवार म्हणून त्याचे नाव ठेवतो फ्रायडे. त्याचे स्वतःचे नाव काही असेल, हे क्रूसोच्या मनातही येत नाही. मग तो त्याला इंग्रजी शिकवू लागतो. शिकवलेला पहिला शब्द कोणता? 'मास्टर'. म्हणजे मालक, आणि हे माझे नाव आहे असे त्याला सांगतो. त्यानंतर 'येस' आणि 'नो'. आज इंग्रजीत विश्वासू हरकाम्याला 'मॅन फ्रायडे' म्हणतात, तो शब्द इथून आला.

हा भाग आपण वाचला त्या शनिवारी मागच्या बाकावरून एक प्रश्न आला होता. "सर, क्रूसोने फ्रायडेची भाषा का नाही शिकली?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "त्याला गरज पडली नाही. ज्याला गरज पडते तो शिकतो. गरज कुणाला पडावी हे मात्र भाषा ठरवत नाही." आठवीतल्या मुलांना ते कितपत कळले असेल? पण प्रश्न लक्षात राहिला.

या प्रश्नाला खरा इतिहास आहे, आणि तो आपल्या किनाऱ्याचाही आहे. कोकणातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर काम करत आले. त्या काळच्या इंग्रजीत आपल्याकडच्या जहाजी कामगाराला 'लास्कर' म्हणत. जहाज इंग्रजांचे, पण वादळात शिडे उतरवणारे हात या लोकांचे. त्यांना हुकूम समजला नाही तर जहाजच बुडणार. मग गरज कुणाला पडली? १८११ मध्ये टॉमस रोबक याने कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश प्रसिद्ध केला, तो इंग्रज अधिकाऱ्यांना लास्करांच्या भाषेत हुकूम देता यावेत म्हणून. पुढे तो नव्या रूपात पुन्हाही निघाला. आपल्या गावातला 'तांडेल' इंग्रजी कोशात 'टिंडल' होऊन बसलेला आहे आणि 'डिंगी'ही आपल्याच बाजूने तिकडे गेलेली. बेटावर जे घडले नाही, ते खऱ्या जहाजावर घडले होते.

आता फ्रायडेची पुढची गोष्ट. क्रूसो त्याला आपला धर्म शिकवतो, देव आणि सैतान समजावून सांगतो. फ्रायडे आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारतो, की देव एवढा बलवान आहे तर तो सैतानाला मारून का टाकत नाही? क्रूसो निरुत्तर होतो. प्रश्न ऐकूच आला नाही असे दाखवून तो पुन्हा विचारायला लावतो. (ही युक्ती आपल्याही काही गुरुजनांना ठाऊक होती, पण ते असो.) पोटात मोजके शब्द, व्याकरण सगळे चुकीचे, आणि तरीही शिष्याचा प्रश्न गुरूला पेलत नाही. विचार करायला शुद्ध इंग्रजी लागत नाही, हे डिफोने १७१९ मध्येच लिहून ठेवले आहे.

पूर्ण कादंबरी मी पुढे नोकरी लागल्यावर वाचली. तेव्हा दिसले की पातळ पुस्तकात काय काय नव्हते. क्रूसोचे जहाज फुटले तेव्हा तो आफ्रिकेतून गुलाम आणायला निघाला होता. त्याआधी, स्वतःला गुलामगिरीतून पळून यायला ज्याने साथ दिली त्या झूरी नावाच्या मुलाला त्याने एका कप्तानाला विकून टाकले होते. सोपे करणाऱ्यांनी अवघड शब्दांबरोबर ही अवघड पानेही गाळली होती. सोप्या पुस्तकाची ही बाजू सांगितलीच पाहिजे. ते दार उघडते, पण घर तेवढेच आहे असे समजू नये. दक्षिण आफ्रिकेचे कादंबरीकार जे. एम. कुट्सी यांनी १९८६ मध्ये 'फो' नावाची कादंबरी लिहून हीच गोष्ट उलटी करून सांगितली. तिच्यातल्या फ्रायडेला जीभच नाही. ती कापलेली आहे. त्याची बाजू कुणालाच कळत नाही. कुट्सींना २००३ मध्ये नोबेल मिळाले. मागच्या बाकावरचा आपला प्रश्न त्यांच्या पुस्तकाच्या आठ वर्षे आधी विचारला गेला होता, याचा मला अजून अभिमान वाटतो.

आपल्या हातात काय पडले

तो प्रश्न विचारणारा आपला मित्र दहावीला इंग्रजीत गेला. पुन्हा बसला नाही. वर्षभराने काकांच्या ओळखीने बोटीवर लागला आणि तीस वर्षे जगभर फिरला. गेल्या मे महिन्यात तो भेटला तेव्हा मी त्याला वेस्टची सरेंडर व्हॅल्यू समजावून सांगितली. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी डेकवर हुकूम सुटले, तेव्हा निम्मे शब्द क्रूसोतले होते. रोप, अँकर, कार्गो, शोअर. बाकीचे दोन महिन्यांत शिकलो. मार्कशीटवर मी इंग्रजीत नापासच आहे." त्याच्या घरी आजही एक इंग्रजी कोश आहे आणि तो वापरून वापरून फाटलेला आहे.

त्याच्यासारखे आपल्यात पुष्कळ आहेत. पाचवीला आपण जितके होतो तितके दहावीला नव्हतो. काही मुलींची लग्ने झाली, काही मुले मुंबईला हॉटेलांत आणि गिरण्यांत गेली. या मेळाव्यात आपण त्यांनाही मुद्दाम बोलावले आहे, हे फार बरे केले. त्यांच्यापैकी एकीने ग्रुपवर लिहिले, की मुलाला पहिलीपासून इंग्रजी शाळेत घातला तेव्हा त्याचे पहिले गोष्टीचे पुस्तक तिनेच त्याच्याबरोबर बसून वाचले, "कारण वाळूतल्या पावलाचे पान मला अजून येत होते."

या वाटेने सगळेच साधले असे नाही. वाचायला आले, पण बोलायला तोंड उघडले नाही. आपल्यातले जे पुढे मुंबई-पुण्याच्या कॉलेजात गेले, त्यांना पहिल्या वर्षी वर्गात गप्प बसून काढावे लागले. वेस्टच्या टीकाकारांनीही त्याच्या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला होता, की वाचनावर भर देताना बोलणे मागे राहते. आक्षेप बरोबर आहे. पण ज्याला वाचता येत होते तो दुसऱ्या वर्षी बोलू लागला. ज्याला फक्त यादी पाठ होती त्याला दोन्ही पुन्हा शिकावे लागले.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. आपल्या शाळेतही आता सेमी-इंग्रजी वर्ग आहेत, संगणक आहेत, भिंतीवर स्मार्ट बोर्ड आहे. मागच्या महिन्यात शाळेत गेलो तेव्हा ग्रंथालय पाहिले. पुस्तके आपल्या वेळेपेक्षा चौपट तरी असतील, पण एकेक प्रत. क्रूसोच्या त्या वीस प्रती आता नाहीत, आणि कोणत्याही एका पुस्तकाच्या वीस प्रती नाहीत.

म्हणून आयोजन समितीपुढे एक सूचना ठेवतो. बॅचतर्फे शाळेला भेट द्यायची आहे, त्यासाठी जमलेल्या रकमेतून थोडी रक्कम वेगळी काढावी. तिच्यातून सोप्या इंग्रजीतल्या दोनच कादंबऱ्या घ्याव्यात, प्रत्येकी चाळीस प्रती. चाळीस वेगवेगळी पुस्तके नकोत. सगळा वर्ग एकाच पानावर असतो तेव्हाच मागच्या बाकावरून प्रश्न येतो. एक कादंबरी क्रूसो असावी आणि दुसरी कोणती ते आताच्या शिक्षकांनी ठरवावे. पूर्ण क्रूसोची एक प्रतही कपाटात असू द्यावी, म्हणजे पातळ पुस्तकातून काय गळले ते ज्याला बघायचे असेल त्याला बघता येईल. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती करावी, की शनिवारचा शेवटचा तास त्यासाठी द्यावा आणि या पुस्तकांवर परीक्षा घेऊ नये.